जुन्या कार्डावरची क्रेन

कात्रजला मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाइकांना चपला दाराबाहेर काढायला लावत असे. का, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. मी ज्या क्लासात शिकले तिथे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. आत एसी, खाली निळा गालिचा, आणि सर इतक्या दबक्या आवाजात बोलत की वाटावं, आत कोणीतरी आजारी झोपलंय. माझ्या दुकानात एसी नव्हता, गालिचा नव्हता. शहाबादी फरशी होती आणि समोरून ट्रक गेला की टेबलावर धुळीचा थर बसायचा. पण चपला बाहेर म्हणजे बाहेर.

वर मी पांढरा एप्रन घालायची. साडीवर. खिशाला दोन पेनं आणि एक पेचकस. त्या एप्रनला फसून एकदा एक आजोबा आत आले, खुर्चीवर बसले, शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "बीपी बघा." मी बघितलंही असतं, पण यंत्र नव्हतं.

तर अशी ती एप्रनवाली बाई, म्हणजे तेव्हाची मी. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमागे भंडाऱ्याहून पुण्यात आलेली, 'मले-तुले' जिभेखाली दाबून 'मला-तुला' बोलायला शिकलेली, आणि तीन महिन्यांच्या हार्डवेअर कोर्सवर स्वतःला शास्त्रज्ञ समजणारी. तिची आठवण आली की मला अजून हसू येतं. नातीला ते सगळं साभिनय करून दाखवते, एप्रनच्या जागी टॉवेल घेऊन. नात म्हणते, "आज्जी, तू इतकी भारी होतीस?" मी म्हणते, "भारी नव्हते गं, वजनदार होते. फरक आहे."

व्हायरस हा शब्द पुण्यात नवा होता तेव्हाची गोष्ट. एक बाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मुलाच्या कॉम्प्युटरला व्हायरस झाला होता आणि त्याच आठवड्यात मुलाला सर्दी झाली होती. "अहो मॅडम, याचं त्याला की त्याचं याला?" कोणत्याही शहाण्या बाईने त्यांना बसवून समजावलं असतं. एप्रनवाल्या बाईने गंभीर चेहरा करून सांगितलं, "मुलाला दोन दिवस कॉम्प्युटरपासून लांब ठेवा." मुलगा बरा झाला. अभ्यासही थोडा झाला असावा. त्या बाई पुढे कित्येक वर्षं मला संक्रांतीचे लाडू पाठवत होत्या.

दुसऱ्या एक होत्या, त्यांचा कॉम्प्युटर दर दुपारी आपोआप बंद पडायचा. मी तो चार वेळा दुकानात आणला, चार वेळा तो शहाण्या बाळासारखा दिवसभर चालला. पाचव्या वेळी त्यांच्या घरी गेले. कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण होतं, पायापर्यंत, पुढे फुलांची नक्षी. यंत्र चालू असतानाही झाकण तसंच.

"काढा हे," मी म्हटलं.

"अहो, धूळ बसते."

"बसू दे. पुसता येते. तो आत गुदमरतोय."

बाईंनी झाकण काढलं, नीट घडी केली आणि म्हणाल्या, "तुम्हाला आवडलं असेल तर तुमच्या दुकानातल्यासाठी एक विणून देते." पुण्यात राहून मी एक शिकले आहे: इथे अपमान आणि आपुलकी एकाच वाटीतून वाढतात, काय खाल्लं ते घरी गेल्यावर कळतं.

दुकान आता माझी सून स्मिता बघते. मी निवृत्त आहे, म्हणजे रोज अकराला जाते आणि तिला नको असलेले सल्ले देते. काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही, याचं वाईट वाटतं. पूर्वी डबा उघडला की आतलं सगळं दिसायचं; काय जळलं, काय सैल झालं, कुठे पाल जाऊन बसली. आताचे लॅपटॉप गोंदाने चिकटवलेले असतात. उघडायला गेलं की आधी मोडतात आणि मग कळतं की मोडलेलं नव्हतं. दुरुस्ती म्हणजे नवं घ्या, असा अर्थ झालाय. त्यामुळे कोणी जुना, जडशीळ, चार स्क्रूंचा डबा घेऊन आलं की स्मिता कपाळाला हात लावते आणि मी पदर खोचते.

निवृत्तीनंतर मला एक नाद लागला, तोही सांगून टाकते. मी गेम खेळते. नात शिकायला बाहेरगावी गेली, फोनवर बोलायला तिला वेळ नसतो, पण रविवारी गेम खेळायला असतो. मग मी शिकले. गाड्यांच्या शर्यती, भुतांची घरं, बंदुका, सगळं. तिथे प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. मी 'खाष्टसासू' घेतलं. स्मिता अजून माझ्याशी त्यावर बोललेली नाही.

माझा स्वतःचा कॉम्प्युटर जुना आहे आणि त्यावर लिनक्स आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कॉम्प्युटरला आधी एक कारभारी लागतो, जो कीबोर्ड, पडदा, फायली सगळं सांभाळतो. बहुतेकांच्या घरी विंडोज हा कारभारी असतो. लिनक्स हा दुसरा. फुकट मिळतो, जुन्या यंत्राला नाकं मुरडत नाही, रोगराईही कमी. अडचण एकच. बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात. ते विंडोजच्या भाषेत हुकूम सोडतात आणि लिनक्सला ती भाषा येत नाही. मग मध्ये एक दुभाषा बसवायचा. गेम म्हणतो 'इथे भिंत काढ', दुभाषा ते कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाला कळेल अशा भाषेत सांगतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आतला चित्रकार. सेकंदाला पन्नास-साठ चित्रं रंगवून पडद्यावर टाकणं एवढंच त्याचं काम. कार्ड नवं असलं की दुभाष्याचं आणि त्याचं जमतं. जुनं असलं की कुरबुरी. मी रविवारी भुताच्या घरात शिरण्यासाठी आठवडाभर या कुरबुरी सोडवत बसते. याला लोक वेळ फुकट घालवणं म्हणतात. मीही म्हणत होते, प्रज्ञा रामटेके दुकानात येईपर्यंत.

प्रज्ञा हिंजवडीत नोकरीला. आठवडाभर तिथेच एका खोलीत राहते, शनिवारी कंपनीची बस आणि ट्रॅफिक यांच्यातून वाचली तर कात्रजला आई-वडिलांकडे येते. डेअरीच्या मागे त्यांचं घर. आमच्याच भंडाऱ्याकडचे लोक, त्यामुळे ओळख जुनी. शनिवारी ती रिक्षातून एक जुना डबा घेऊन उतरली.

"जयभीम मावशी. स्मिताताई नाहीत ना?"

"जेवायला गेलीय. का गं?"

"त्या नवा घ्यायला सांगतील."

"मग पटकन सांग, ती यायच्या आत."

तिने सांगितलं ते असं. तिचे वडील, रामटेके काका, टॉवर क्रेन चालवायचे. उंच इमारत बांधताना शेजारी ती लांब लोखंडी मान असलेली क्रेन उभी असते ना, तिच्या टोकावरच्या काचेच्या खोपटात बसून ते लोखंड, सिमेंट, फळ्या वर न्यायचे. हिंजवडीतल्या कितीतरी इमारतींचं लोखंड त्यांनी वर नेलंय. प्रज्ञा जिथे काम करते तीही त्यातलीच. पावसाळ्याआधी काकांना पक्षाघात झाला. पाय सावरला, उजवा हात लुळा राहिला, आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द डोक्यात असतो, तोंडात यायला वेळ लागतो.

फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं की हात परत यायचा तो बहुतेक या पहिल्या काही महिन्यांतच येतो; नंतर फार कठीण. त्याने रबरी चेंडू दिला. दिवसातून इतक्या वेळा दाबा. काकांनी तो दोन दिवस दाबला आणि कोपऱ्यात फेकला.

"चेंडू दाबला तर... वर काय जाते?" म्हणाले.

वर काही गेलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. मग प्रज्ञाने शक्कल लढवली. टॉवर क्रेन चालवायचा एक गेम तिला सापडला. कॉम्प्युटरला दोन दांडकी, म्हणजे जॉयस्टिक, जोडायची, अगदी खऱ्या क्रेनसारखी: डाव्याने मान फिरवायची आणि मानेवरून सरकणारी, हुक लोंबणारी ट्रॉली पुढे-मागे न्यायची, उजव्याने हुक वर-खाली. उजवा हात दांडक्याला पट्टीने बांधायचा. काका पहिल्या दिवशी त्यावर तासभर बसले. मग रोज. महिन्याभरात उजव्या हाताची दोन बोटं स्वतःहून ओढ घ्यायला लागली. फिजिओ म्हणाला, चेंडू राहू दे, क्रेनच चालवू दे.

"आणि मग मी माती खाल्ली," प्रज्ञा म्हणाली.

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता. जुन्या विंडोजची देखभाल ते बनवणाऱ्या कंपनीने बंद केलेली, आणि नवं विंडोज या यंत्राला दारातही उभं करत नव्हतं. प्रज्ञाने चांगल्या मनाने सगळं पुसून लिनक्स टाकलं. आईची बँक चालू, व्हिडिओ चालू, फोटो चालू. गेम मात्र बंद. तो तिच्या खात्यावर विकत घेतलेला होता, परत उतरवून घेता आला. सुरू होत नव्हता.

"दोन आठवडे झाले मावशी. बोटं परत आत वळायला लागलीत. बाबा काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

मी डबा टेबलावर ओढला.

गेम सुरू केला तर काळाकुट्ट पडदा. आवाज मात्र येत होता: साइटवरचा भोंगा, कोणीतरी ओरडतंय, लोखंड आपटतंय. दुभाष्याने मागे एक निरोप टाकला होता, त्याचा अर्थ असा: मी ज्या भाषेत बोलतो ती तुमच्या कार्डाला येत नाही. आता कार्ड होतंच जुनं. मी निरोपावर विश्वास ठेवला. जुन्या कार्डांसाठी एक आडवाट असते, दुभाष्याने जुन्या भाषेत बोलायचं. मी ती धरली. पडदा उजळला, क्रेन दिसली. मी स्वतःवर इतकी खूश झाले की प्रज्ञाला म्हटलं, "उद्या काकांना घेऊनच ये. दांडकी पण आण." ही एप्रनवाली बाई कुठे जात नाही हो. पदराआड असते.

रविवारी काका आले. प्रज्ञाची आई पुष्पाकाकू एका बाजूला, प्रज्ञा दुसऱ्या. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, आणि उजवा हात पोटाशी धरलेला, जणू दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिलाय.

"आता काय करायचं मॅडम?" काकूंनी विचारलं.

"वाइन टाकलंय, चालेल," मी म्हटलं. त्या दुभाष्याचं नाव वाइन आहे, त्याला मी काय करू?

काकू एकदम ताठ झाल्या. "नाही जी! आमच्या घरी पंचशील पाळतात. अन डॉक्टरनं त्यांले चहा बी कमी सांगितला आहे."

स्मिता काउंटरमागे फिसकन हसली. समजूत घालण्यात थोडा वेळ गेला. मग प्रज्ञाने काकांचा हात पट्टीने दांडक्याला बांधला. पडद्यावर क्रेनच्या खोपटातून खाली साइट दिसत होती. काकांनी दांडकं हलवलं. काही झालं नाही. मग हुक हलला, थांबला, परत हलला. त्यांनी थांबवलं, तरी तो खाली जात राहिला आणि खालच्या ट्रकवर आदळला. जुन्या भाषेत बोलताना कार्डाची दमछाक होत होती. हात हलल्यावर चित्र मागाहून पोहोचत होतं.

काकांनी डाव्या हाताने पट्टी सोडली.

"नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द जुळवून, "अशी क्रेन... चालली तर... माणूस मरते."

गेममध्ये कोणी मरत नाही, पण हा माणूस तीस वर्षं ज्या धाकात बसला तो धाक खरा होता. ज्या क्रेनवर भरवसा नाही ती ते चालवणार नव्हते, खेळातलीही नाही.

मी सगळ्या युक्त्या केल्या. चित्रं धूसर केली, सावल्या काढल्या, झाडं काढली. चित्र रेंगाळतच राहिलं. शेवटी प्रज्ञाला बाजूला घेऊन म्हटलं, "कार्डच म्हातारं झालंय गं. याला ही भाषा येत नाही आणि आता यायचीही नाही. नवं कार्ड या डब्यात बसत नाही, वीजही पुरायची नाही."

"दिवाळीत बोनस आला की नवं घेते," ती म्हणाली. दिवाळी लांब होती. फिजिओचे महिने दिवाळीसाठी थांबणार नव्हते.

स्मिताने चहा आणला, सोबत खारी. अशा वेळी पुण्यात बोलणं संपतं आणि चहा येतो, ही खरी सोय आहे.

"काका, साखर चालते ना?" स्मिताने विचारलं.

"त्यांले कमी पाहिजे," काकू म्हणाल्या.

"खारी देऊ?"

"नाही जी, त्यांले धरता नाही येत, चुरा होते."

"मग बिस्किट..."

"त्यांले..."

काकांनी डाव्या हाताची थाप टेबलावर मारली. माउस उडून खाली पडला.

"मले," ते म्हणाले. मग शब्द शोधत राहिले. आम्ही सगळ्या थांबलो. "मले... विचार ना!"

मग डाव्या हाताने खारी उचलली, चहात बुडवली आणि चुरा न सांडता खाल्ली. काकूंनी पदर तोंडाशी नेला, हसल्या की काय झालं ते कळलं नाही.

मी मात्र चहा तसाच ठेवून डब्याकडे बघत होते. माझ्याही हातून तेच झालं होतं. कार्डाला ती भाषा येत नाही, हे मला सांगितलं कोणी? कार्डाने नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी.

हे जरा सोपं करून सांगते. कार्ड आणि कारभारी यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डाकडून काम करून घेणं आणि कार्डाला काय येतं ते वर सांगणं हे त्याचं काम. त्या वयाच्या काही कार्डांसाठी लिनक्समध्ये दोन ड्रायव्हर होते. एक जुना, कार्डाच्या जन्मापासून ओळखणारा. दुसरा नंतर लिहिलेला. कॉम्प्युटर सुरू झाला की जुनाच सवयीने ताबा घ्यायचा आणि कोणी विचारलं की सांगायचा, 'याला ही नवी भाषा येत नाही.' खोटं नव्हतं ते. त्याला स्वतःला ती येत नव्हती, म्हणून त्याने कार्डाकडून ती कधी वदवूनच घेतली नव्हती. नवा ड्रायव्हर शेजारीच उभा होता. त्याला ती भाषा येत होती. पण तो सभ्य. सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

माझ्या स्वतःच्या यंत्रात दुसऱ्या जातीचं कार्ड आहे, तिथे हा प्रश्नच कधी आला नव्हता. कुठेतरी वाचलं होतं, विसरले होते.

"स्मिता," मी म्हटलं, "तू त्या अमक्या कंपनीच्या कार्डाला दोन ड्रायव्हर असतात असं काही म्हणत होतीस का मागे?"

"गेल्या वर्षी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

"बरोबर. आता शिकव."

खुर्ची ओढून ती शेजारी बसली. आधी बघितलं: कार्ड त्याच जातीचं निघालं, आणि ताबा जुन्याकडेच होता. मग कॉम्प्युटर जागा होताना पहिल्यांदा जी आज्ञा वाचतो, तिच्या शेवटी स्मिताने एक ओळ टाइप केली. अर्थ असा: जुन्याने या कार्डाला हात लावू नये, नव्याने ताबा घ्यावा. दोनदा वाचून पाहिली, कारण तिथे एक अक्षर चुकलं की पडदाच उजळत नाही.

"बंद करून चालू करू?" तिने विचारलं.

मी काकांकडे बघितलं. "काका, करू का? बिघडलं तर आहे तेवढंही जाईल थोडा वेळ."

त्यांनी मान हलवली. "करा."

पडदा काळा झाला. काळाच राहिला. कॉम्प्युटरवाल्या बाईच्या आयुष्यात असे काळे पडदे फार आले, पण त्यांची सवय काही होत नाही. प्रज्ञाने माझा दंड धरला होता, तिची नखं अजून आठवतात. मग कोपऱ्यात एक रेघ लुकलुकली आणि पडदा उजळला.

दुभाष्याला परत त्याच्या नेहमीच्या भाषेत बोलायला लावलं. गेम सुरू केला. भोंगा वाजला आणि भोंग्यासोबत साइटही दिसली. ट्रक, सळ्यांचे गठ्ठे, अर्धी उभी इमारत. प्रज्ञाने पट्टी बांधली. काकांनी उजव्या हाताने ओढलं, म्हणजे खांद्यापासून सगळं अंगच ओढलं, आणि हुक त्याच क्षणी वर गेला. सोडलं, थांबला.

काकांनी परत ओढलं. थांबवलं. परत. गठ्ठा उचलायला गेले नाहीत, नुसता हुक वर-खाली करत राहिले. काकूंना वाटलं काहीतरी बिघडलं. मला कळलं. क्रेनवर चढलेला माणूस पहिली गोष्ट ब्रेक तपासतो. मग त्यांनी मान फिरवली, ट्रॉली बाहेर काढली आणि सळ्यांचा गठ्ठा उचलला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं आली होती. एक म्हणाला, "मावशी, माझा प्रिंटर..." स्मिता म्हणाली, "थांबा हो, लोखंड वर जातंय." तोही बघत उभा राहिला.

मी थोडी नाचले, हे स्मिता सगळ्यांना सांगते. थोडीच.

त्यानंतर काका रोज बसत. बातम्या प्रज्ञाकडून यायच्या. तिसरं बोट हललं. मग मनगट. मध्ये एकदा आठवडाभर काहीच पुढे सरकलं नाही आणि काका क्रेनवरही बसेनात. काकूंनी भांडून बसवलं. शर्टाची बटणं अजून लागत नाहीत, सही अजून डाव्या हाताने करतात. फिजिओ सगळं परत येईल असं म्हणत नाही, आणि तो म्हणत नाही म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे. येतंय, एवढं म्हणतो.

हल्लीच एका दुपारी काकूंचा फोन आला. "मॅडम, येऊन जाता का? ते बलावून रायले. काय पाहिजे ते मले सांगून नाही रायले."

कॉम्प्युटर बिघडला असणार, असं धरून मी पेचकस घेऊन डेअरीच्या मागच्या गल्लीत गेले. काका पडद्यासमोर बसले होते. यंत्र ठणठणीत होतं. उजवा हात दांडक्यावर होता आणि पट्टी टेबलावर पडलेली होती. पकड सैल होती, अंगठा जरा वाकडा, पण हात आपल्याआपण दांडक्यावर होता.

"काय झालं काका?"

"वारा," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी डाव्या हाताने पडद्यावर बोट ठेवलं. गेमच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती, वाऱ्याची. प्रज्ञाने पहिल्या दिवशीच ती बंद करून ठेवली होती, बाबांना सोपं जावं म्हणून.

"वारा चालू केला तर लोड झुलेल काका. आणि कार्डावरही भार येईल."

"मॅडम," ते म्हणाले. शब्द हळू येत होते, पण एकामागून एक येत होते. "बिना वाऱ्याची क्रेन... कुठं असते?"

मी वारा चालू केला, अगदी हलका. गठ्ठा वर गेला तसा झुलायला लागला. मला वाटलं, आता ते त्याला थोपवायला बघणार. त्यांनी थोपवलं नाही. गठ्ठा जिकडे झुलत होता तिकडेच डाव्या हाताने ट्रॉली सरकवली, मग परत, मग जरा कमी, आणि झोका विरत गेला. एकदाचा गठ्ठा सरळ लोंबायला लागला, तेव्हा उजव्या हाताने त्याला खाली सोडायला लागले. हात थरथरत होता. गठ्ठा थरथरत नव्हता. दहाव्या मजल्यावरच्या माणसांच्या पायांशी तो असा टेकला की आवाजही झाला नाही.

काकूंनी दाराशी उभं राहून बघितलं आणि त्या आत गेल्या.

काकांनी कपाळ पुसलं, रिकामा हुक वर घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणखी."

मी वारा वाढवला.